ऐकणारं कापड आणि त्याची उलटी बाजू

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मागितल्यावरून लिहून दिले आहे.)



आम्ही काही वक्ते नाही. उभं आयुष्य सूतगिरणीत गेलं. पाळी सुटल्यावर जे वाचलं तेवढंच आमचं शिक्षण. पण समितीने आज्ञा केली की या पटाविषयी दोन शब्द बोला, म्हणून उभे राहिलो आहोत.

आज सकाळी त्रिशरण-पंचशील सुरू झालं, तेव्हा बुद्धमूर्तीच्या डाव्या अंगाला टांगलेला पंचरंगी पट उजळला. वंदना थांबली तसा तो सावकाश विझला. तेव्हापासून आम्हाला तीन प्रश्न विचारले गेले. एका तरुणाने विचारलं, "बटण कोण दाबत होतं?" समितीच्या एका सभासदांनी विचारलं, "खर्च किती आला?" आणि एका आजीने पटासमोर हात जोडून विचारलं, "भाऊ, हे आपोआप झालं का?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आजीचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याचं उत्तर शेवटी देऊ.

पहिलं उत्तर सोपं. बटण कुणीच दाबत नव्हतं. तुम्ही सगळे मिळून जे म्हणत होता, त्या आवाजावर पट चालत होता.

ज्यांनी गिरणीत काम केलं आहे त्यांना यात फार नवल वाटू नये. कापूस ब्लोरूममध्ये फुटतो, कार्डिंगला पिंजला जातो आणि पेळू होऊन ड्रॉफ्रेमवर येतो. तिथे पुष्कळ मशिनांवर पेळू दोन धातूच्या रुळांमधून जातो. त्या रुळांना थोड्या व्होल्टची वीज जोडलेली असते. पेळू मध्ये आहे तोवर रूळ एकमेकांना टेकत नाहीत आणि वीज वाहत नाही, कारण कोरडा कापूस वीज जाऊ देत नाही. पेळू तुटला की रूळ टेकतात, वीज वाहते, मशीन थांबतं आणि वरचा दिवा लागतो. दिवा बघून आम्ही धावायचं आणि पेळू जोडायचा. मागावरही तीच युक्ती आहे. ताण्याच्या एकेका धाग्यावर पत्र्याची पातळ पट्टी लोंबते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेच्या सळईला टेकते आणि माग थांबतो.

म्हणजे सूत आणि वीज यांची ओळख आपल्या घरातली आहे. फरक एवढाच, की गिरणीत सुताचं काम वीज अडवण्याचं. या पटात काही धाग्यांना वीज वाहून नेण्याचं काम दिलेलं आहे.

वीज नेणारा धागा म्हटलं की लोकांना वाटतं, तो विमानाने परदेशातून येत असेल. तसा येतोही. पोलादाच्या बारीक तंतूंचा येतो, चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा येतो. पण आपण नंदुरबारहून रेल्वेत बसलो आणि नवापूर ओलांडलं की पुढे सुरत. सुरतेची जर सगळ्या देशात जाते. चांदीची किंवा तांब्याची तार ओढून केसासारखी बारीक करायची, ती चपटी करायची आणि धाग्याभोवती गुंडाळायची, ही जर. येवल्याच्या पैठणीला सुरतेचीच जर लागते. हे तेच येवलं, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तर तार गुंडाळलेला धागा तो, त्यातून वीज का जाणार नाही?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतल्या रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ साली कापडात विजेची जोडणी कशी विणावी व शिवावी यावर एक निबंध मांडला. त्यांनी घेतलेलं कापड होतं रेशमी ऑर्गन्झा. त्याच्या आडव्या धाग्याभोवती धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला होता. असं कापड भारतात पूर्वीपासून तयार होत आलं आहे, हे त्यांनीच लिहून ठेवलं. बंधूंनो, जी वस्तू आपल्या शेजारच्या स्टेशनावर उतरून मिळते, तिचा हा उपयोग आपल्याला सातासमुद्रापलीकडून कळावा, याचा विचार व्हायला हवा.

आमच्या वस्तीतल्या मुलामुलींनी हा विचार केला. त्यात आयटीआय झालेली मुलं आहेत, बारावीच्या मुली आहेत आणि ब्लाउज शिवून संसार चालवणाऱ्या एक ताई आहेत. खरं सांगायचं तर पटातलं निम्मं काम ताईंचं आहे.

पहिला पट फसला. पोरांनी बाजारातून स्वस्त, चकचकीत जर आणली. एक सेल घेतला, एक छोटा दिवा घेतला, मध्ये ती जर धरली. दिवा काही लागेना. ती निघाली प्लॅस्टिकची. पातळ फिल्मवर धातूचा नावापुरता मुलामा आणि त्यावर पुन्हा लेप, त्यातून वीज जाणार कशी? मग तांब्याची जर मागवली. तिच्यावरही कधीकधी लाखेसारखा लेप असतो, तो टोकाला खरवडून घ्यावा लागतो. म्हणून आमच्याकडे नियम झाला, की सेल आणि दिव्याने तपासल्याशिवाय जर घ्यायची नाही.

दुसरी अडचण शिवणीची. जर मशीनच्या सुईत ओवली की सोलून निघते. ताईंनी तोड काढली. जर कापडावर नुसती अंथरायची आणि वरून साध्या सुती दोऱ्याने टाचून घ्यायची. जिथे दोन जरी एकमेकींवरून जातात तिथे मध्ये कापडाचं ठिगळ ठेवायचं, नाहीतर दोन्ही टेकतात आणि शॉर्ट होतं. दिव्यांना डाग द्यायला गेलं तर कापड जळतं, म्हणून दिव्याचे पाय पक्कडीने गोल वळवले आणि बटण लावतात तसे शिवून टाकले. गाठीचं टोक सुटू नये म्हणून त्यावर नखाला लावायचं पॉलिश लावलं. हे सगळं पुस्तकात नंतर सापडलं, हाताला आधी सुचलं.

तिसरी अडचण रंगांची. धम्मध्वजाचे पाच रंग, निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी. आम्ही पाचही रंगांचे दिवे एकाच धाग्यावर जोडले, तर लाल, पिवळा, केशरी लागले आणि निळा-पांढरा मेल्यासारखा. का? लाल दिव्याला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्या आणि पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. एकाच ओळीत बसवलं की थोडक्यात भागणारे पुढे होऊन सगळी वीज पिऊन टाकतात. मग प्रत्येक रंगाला वेगळी वाट आणि ज्याला जेवढा हवा तेवढा रोध दिला, तेव्हा पाचही सारखे उजळले. समान न्याय म्हणजे सर्वांना सारखंच देणं नव्हे, ज्याला जेवढी गरज तेवढं देणं, हे आमच्या पोरांना त्या दिवशी दिव्यांनी शिकवलं.

आता पट ऐकतो कसा ते सांगतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. काठीच्या होळीला आपले आदिवासी बांधव कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून नाचतात, तेव्हा अंगावरचा साज हलतो आणि हवेत आवाज होतो. इथे उलटं आहे. हवा हलते आणि साज जागा होतो. पटाच्या खालच्या कडेला हरभऱ्याएवढा मायक्रोफोन आहे. हवेच्या थरथरीने त्याच्यातला पडदा हलतो आणि विजेची बारीक लाट उठते. ती लाट अर्डुइनो जातीच्या एका छोट्या पाटीवर जाते. ही पाटी सेकंदाच्या विसाव्या भागात पुष्कळदा लाट मोजते. सर्वांत वरचा आकडा वजा सर्वांत खालचा, जो फरक येईल तो आवाजाचा जोर. जोर कमी तर एक पट्टा, वाढला तर दोन, असं करत पाच.

अर्डुइनो २००५ साली इटलीत सुरू झालं. त्याचा आराखडा उघडा आहे, कुणीही पाहावा, कुणीही बनवावा. २००७ साली लिआ ब्युकली या बाईंनी त्याचीच लिलीपॅड नावाची कापडावर शिवता येणारी पाटी काढली, कडेला सुई जाईल अशी भोकं ठेवून. विद्या झाकून ठेवायची नाही, हा गुण आम्हाला त्यात विशेष वाटला.

पण आवाजाची हद्द ठरवणं फार कठीण गेलं. मायक्रोफोन तिखट केला तर पंख्याच्या आवाजानेही पट पेटायचा. मंद केला तर लाउडस्पीकर ओरडल्याशिवाय हलायचा नाही. तेव्हा भन्तेजींनी सोण स्थविरांची गोष्ट सांगितली. वीणेची तार फार ताणली तर वाजत नाही, ढिली सोडली तरी वाजत नाही, असं भगवंतांनी सोणाला समजावलं होतं. आम्ही तीन रविवार विहारात बसून ती मधली जागा शोधली. नुसत्या टाळीने पट भडकू नये म्हणून मागच्या काही क्षणांची सरासरी घेतली. आणि ध्यानाला सगळे शांत बसले, की एकही दिवा लागता कामा नये, असं ठरवलं. शांततेचा मान पटानेही राखला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्ही हट्टाने केली. मायक्रोफोनचं तोंड स्टेजकडे ठेवलं नाही, लाउडस्पीकरकडेही ठेवलं नाही. ते तुम्ही बसता तिकडे ठेवलं आहे. एकट्या वक्त्याने कितीही घसा ताणला तरी पाच पट्टे लागत नाहीत. सगळे मिळून म्हणता तेव्हाच लागतात. आत्ता आम्ही इतका वेळ बोलतो आहोत, बघा, एकच निळा पट्टा लुकलुकतो आहे!

पटाची आखणी कुठून घेतली तेही सांगतो. विनयपिटकात आहे, की मगधाची बांध घातलेली शेतं पाहून भगवंतांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसं चीवर केलं. आपल्या पटातही पाच रंगांची शेतं आहेत, आणि शेताला पाणी बांधाकडेच्या पाटाने जातं तशी वीज बांधाच्या जरीतून जाते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं हौसेसाठी केलं का? नाही. याचं कारण आमच्या कानात आहे.

रिंगफ्रेमच्या चात्या मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतात. एका खात्यात अशा हजारो चात्या. मागाच्या खात्यात तर त्याहून जास्त धडधड. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातलेली होती. दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या आवाजाने येणारं बहिरेपण हा कामाचा आजार आहे, अशी नोंद १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात आली. आम्ही कामाला लागलो ते त्यानंतर. तरी कानात घालायचे बोळे कधी मिळाले, कधी मिळाले नाहीत. मिळाले तेव्हा आम्हीच हसून खिशात टाकले. दोष सगळा दुसऱ्याचाच, असं आम्ही म्हणणार नाही.

हे बहिरेपण एकदम येत नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. माणूस बोलतो आहे हे कळतं, काय बोलतो ते कळत नाही. स, श, त, क गळून जातात. घरात नातवंडं बोलायची कमी होतात, कारण दहा वेळा सांगावं लागतं. आमच्या खात्यातले एक ज्येष्ठ सहकारी, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, दोन वर्षं विहारात येत नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, "सगळे उठतात तेव्हा मी बसलेला असतो. सगळे थांबतात तेव्हा माझीच वंदना चालू असते. लाज वाटते." बंधूंनो, ज्या माणसाने तीस वर्षं सगळ्यांच्या अंगावरचं सूत कातलं, त्याला बुद्धाच्या घरात लाज वाटावी?

हा पट बाबांसाठी केला आहे. वंदना सुरू झाली की उजळतो, गाथा संपून श्वास घेतला की मावळतो, पुन्हा उजळतो. पहिल्या दिवशी बाबांना आणून समोर बसवलं. पट बघत बघत त्यांनी सगळ्यांबरोबर वंदना धरली आणि सगळ्यांबरोबर थांबवली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "माले ऐकू येत नही भाऊ, पन दखाई राहिनं!" पटाने त्यांचे कान परत आणले नाहीत. सोबत तेवढी परत आणली.

जगात इतर ठिकाणीही लोक या वाटेने चालले आहेत. लंडनच्या क्यूटसर्किट या संस्थेने २०१६ साली हॅम्बुर्गच्या तरुण वादकांच्या वाद्यवृंदाबरोबर एक सदरा तयार केला. वाद्यं वाजतात तशी त्याच्यातली छोटी यंत्रं अंगावर थरथरतात आणि ऐकू न येणाऱ्याला संगीत अंगाने कळतं. २०२२ साली तर मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी असा तंतू जाहीर केला, की तो कापडात विणला तर कापडच मायक्रोफोन होतं. प्रत्येक कापड आवाजाने थरथरतच असतं, फक्त ती थरथर डोळ्याला दिसणार नाही इतकी सूक्ष्म असते. त्या तंतूने ती पकडली. म्हणजे उद्याचं कापड ऐकणारं असणार आहे. प्रश्न असा, की ते विणणार कोण?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार रिंग खात्यात चालत होता, विणाई खात्यात चालत नव्हता. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणत. आणि पगार तर विणाई खात्यातच जास्त! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घालायला लावली. बंदी लगेच उठली नाही, पण त्या दिवसापासून ती झाकून ठेवता आली नाही.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. वीज हा विषयही त्याच खात्याकडे होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात झालं. सूत आणि वीज, दोन्हीकडे त्या माणसाचं लक्ष होतं. आणि आज सुतात वीज शिरते आहे, तेव्हा आपली मुलं पुन्हा खात्याच्या दाराबाहेर उभी राहणार का? या वेळी दारावर कुणी जात विचारायला उभं नसेल. पण आपल्याला येत नाही, हे कारण पुरेसं होईल.

आता खर्चाचं. सगळं मिळून दीड हजाराच्या आत आलं. विहाराच्या वर्गणीतून एक पैसा घेतला नाही, गिरणीतल्या सात जणांनी दिले. काही जण म्हणाले, हे पैसे अभ्यासिकेला दिले असते तर? त्यांचा राग आम्हाला मान्य आहे. पण आमची विनंती आहे, की हा पटच अभ्यासिका समजावा. दर रविवारी दुपारी तो खाली उतरवला जाईल, ज्याला शिकायचं त्याने सुई-दोरा घेऊन यावं. मुलींनी जरूर यावं. सुरुवात एक सेल, एक दिवा आणि वीतभर जरीने होते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा पट तीन सुक्या सेलवर, साडेचार व्होल्टवर चालतो. घरातल्या बोर्डाची २३० व्होल्टची वीज कापडाजवळ कधीही न्यायची नाही. आणि कापड धुण्याआधी सेल व पाटी काढून ठेवायची.

आता आजींचा प्रश्न. हे आपोआप झालं का?

आजी, तुम्ही हात जोडलेत तेव्हा आम्हाला आनंद झाला नाही, भीती वाटली. मूर्तीशेजारी एक कापड आपोआप उजळतं, अशी बातमी पसरायला किती वेळ लागतो? उद्या कुणी नारळ घेऊन येईल, परवा दानपेटी पटाखाली येईल. १९५६ च्या दीक्षेत जे मागे टाकलं ते सुताच्या वाटेने परत घरात शिरेल. केवट्ट सुत्तात भगवंतांनी ऋद्धीच्या चमत्कारांचा तिटकारा सांगितला आहे आणि शिकवणुकीचा चमत्कार श्रेष्ठ मानला आहे. म्हणून पट तयार झाल्यावर ताईंनी मागे अस्तर लावायला घेतलं, तेव्हा आम्ही हात धरला. म्हटलं, ताई, अस्तर नको. पाठ उघडी राहू द्या.

गिरणीवाल्याला कापडाची पारख विचारा, तो आधी कापड उलटतो. समोरून सगळं साजरं असतं. गाठ कुठे आहे, धागा कुठे तुटला, कुणाच्या हाताने जोडला, हे मागून दिसतं. आजी, हे भाषण संपलं की आम्ही पट भिंतीवरून उतरवणार आहोत आणि उलटा करून तुमच्या मांडीवर ठेवणार आहोत. ताईंचे टाके बघा. सेल तुमच्या हाताने काढा. मग सगळ्यांना वंदना म्हणायला सांगा आणि पट अंधारात राहतो का ते बघा. परत सेल घाला, तो उजळेल. आपोआप काही झालेलं नाही, हे तुमच्या हातानेच तुम्हाला कळेल.

बाबा पहिल्या रांगेत बसले आहेत. आमचं बोलणं त्यांना ऐकू आलं नसेल. म्हणून शेवटचा जयघोष सगळ्यांनी मिळून असा द्या, की पाचही पट्टे लागतील आणि बाबांना दिसेल.

बोला, जयभीम! नमो बुद्धाय!